कोटातली अकरा नंबरची खोली

मोजणीच्या कामात पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगतात: दिसेल ते काढायचं, सांगतील ते काढायचं नाही. जुन्या वास्तूविषयी लोक काहीही सांगतात. हे भुयार थेट पन्हाळ्याला निघतं, त्या कोनाड्यात मोहरांचा हंडा होता, या बुरुजावर आमच्या आजोबांनी वाघ बघितला होता. भिंत बिचारी आपली जाडी, उंची आणि कल एवढंच सांगते. मला हा नियम फार आवडला होता. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मला आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. मिरजेच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठी बोलताना आपण चुकू ही एक भीती, आणि इंग्रजी बोलावं तर समोरचा हसेल ही दुसरी. भिंतीसमोर दोन्ही नव्हत्या.

डिप्लोमा संपवून मी सांगलीतल्या एका वास्तुविशारदांच्या कार्यालयात लागले. हुद्दा ड्राफ्ट्समन. बाई आहे म्हणून तो बदलावा असं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. आमचं काम नेमकं काय, हे घरी समजावून सांगायला मला चार दिवाळ्या लागल्या. नवं घर बांधताना आधी नकाशा काढतात, मग घर उभं राहतं. आमचं उलटं असतं. वास्तू दोन-तीनशे वर्षं उभी असते आणि आम्ही तिचा नकाशा आता काढतो. एकाने टेपचं शून्य धरायचं, दुसऱ्याने आकडा वाचून वहीत लिहायचा. खोलीच्या चार भिंती मोजून भागत नाही. या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्णही मोजावे लागतात, कारण जुन्या खोलीत काटकोन असेलच असं नसतं. दोन्ही कर्ण सारखे भरले की आमचे हणमंतमामा म्हणायचे, "परत मोजा बाई, कायतरी चुकलंय."

हणमंतमामा म्हणजे टेपचं शून्य धरणारे गृहस्थ. सरकारी मोजणी खात्यात साखळी ओढण्यात त्यांची उमर गेली होती. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून आमच्याकडे आले. त्यांनी धरलेलं शून्य कधी हललं नाही. तोंड मात्र सतत चालू असायचं, त्यामुळे माझं मौन झाकलं जायचं. आमची जोडी छान जमली.

ज्या कामाविषयी लिहायचं आहे ते चार वर्षांपूर्वीचं. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात एक कोट आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इस्लामपूरला एस.टी. बदलावी लागते एवढं पुरे. हा डोंगरी किल्ला नव्हे, भुईकोट, आणि तो उभा राहिला तोच नदीच्या उतारासाठी, म्हणजे नदी ओलांडायच्या जागेसाठी. बंदर म्हणजे समुद्र, असं मी शाळेत शिकले होते. इथे कोटाच्या नदीकडच्या दाराला लोक अजून बंदर-दरवाजा म्हणतात. घोडी, धान्य, गूळ, लग्नाची वऱ्हाडं, सगळं याच दारातून नावांत चढायचं आणि पलीकडे जायचं. कोण गेलं, काय गेलं, यावर नजर ठेवायला कोट.

पुढे राज्य बदललं, रस्ते झाले, आणि कोटाचं तोंड नदीकडून गावाकडे फिरलं. मामलेदार कचेरी बसली, खजिना आला, कोठडी आली. स्वातंत्र्यानंतर ज्या खात्याला कुठे जागा मिळेना ते कोटात आलं. पागेत शाळा भरली. घोडी बांधायच्या कड्यांखाली उजळणीचा तक्ता रंगवलेला मी पाहिला. बुरुजात तालीम होती. कोर्ट दुसरीकडे गेलं तेव्हा त्या खोलीत गुरांचा दवाखाना आला, आणि आरोपीच्या पिंजऱ्याच्या लाकडातूनच जनावरं अडकवायचा खोडा तयार झाला. तिथले कंपाउंडर मला तो मोजू देईनात. सरकारी मालमत्ता आहे, म्हणाले. शेवटी मामांनी त्यांना चहा पाजला, तेव्हा ते खोड्यावर हात टाकून म्हणाले, "पयल्यापास्नं धरून ठेवायचीच जागा हाय ही. आधी मान्सं, आता म्हशी."

आता हमरस्त्यावर नवीन प्रशासकीय इमारत झाली होती आणि कचेऱ्या एकेक करून तिकडे जाणार होत्या. कोटाचं पुढे काय करायचं ते ठरवण्याआधी जिल्ह्याला त्याची नोंद हवी होती. एकूण चौतीस खोल्या. प्रत्येकीचा नकाशा आणि एक तक्ता: पूर्वीचा वापर, सध्याचा वापर, स्थिती. ते काम आमच्याकडे आलं.

अकरा नंबरची खोली आम्ही भाद्रपदात मोजली. बंदर-दरवाजातून आत शिरल्यावर लगेच उजव्या हाताला, लांबट, कमानीच्या छताची, दाराला फळ्याच नाहीत. आत काही नव्हतं. चातुर्मासात आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवून घेतात, म्हणून मला साडेतीनची एस.टी. गाठावीच लागायची. तीन वाजून गेले होते. मामा हात धुवायला गेले होते. दरवाजाबाहेर नदीघाटाच्या पायरीवर एक बाई बसली होती आणि पलीकडून माणसांनी भरलेली एक नाव येत होती. या खोलीत काय असतं, असं त्या बाईंना विचारावं असं मनात आलं. वाक्य मी मनात दोनदा जुळवलंही. मग घड्याळ पाहिलं आणि तक्त्यात लिहिलं: रिकामी, वापर नाही.

नाव मी डोळ्यांनी पाहिली होती. पण ती खोलीत नव्हती. त्यामुळे ती नकाशात आली नाही.

माघात एक दिवस एक बाई आमच्या कार्यालयात आल्या. नऊवारी लुगडं, खांद्यावर पिशवी, चपला दाराबाहेर काढलेल्या. कोट कुणी मोजला म्हणून त्यांनी विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं नाव हौसाबाई आंबी. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, घाटावर दिसलेली ती नाव चालवत. सासरे चालवत, सासऱ्यांचे वडीलही. मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"अकरा नंबर तुमी मोजली व्हय?"

मी मान हलवली.

"मग काय हाय म्हनून लिवलं तितं?"

"रिकामी होती," मी म्हणाले.

"कवा?"

"भाद्रपदात."

"भादव्यात नाव खोलीत कशी आसंल? भादव्यात नाव पान्यात आसती." मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुमी हितं कामाला आलाय. तिकडं तुमचं घर रिकामं हाय म्हनून कुनी कुलूप घातलं तर चालंल?"

पुढचं त्यांनी उभ्यानेच सांगितलं. पावसाळ्यात गावाखालच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतात आणि त्यावरून पाणी वाहतं. तेव्हापासून मार्गशीर्षापर्यंत पलीकडच्या दोन गावांना या तीरावर यायला नावच आहे. शाळेची मुलं, दुधाच्या किटल्या, बाळंतीण, सगळं नावेतून. नाहीतर पुलावरून बारा किलोमीटरचा वळसा. पाणी उतरलं, बरगे पुन्हा बसवले, की लोक बंधाऱ्यावरून चालत येतात आणि नावेला सुट्टी मिळते. शिवरात्रीच्या आसपास नाव वर काढतात आणि अकरा नंबरच्या खोलीत ठेवतात. तिथल्या थंडाव्यात लाकूड हळूहळू वाळतं, मग फटींत काथ्या आणि राळ भरायची, तेल पाजायचं. नाव उन्हात राहिली तर फळ्या तडकतात. सासऱ्यांच्या काळात एकदा कोटाच्या दुरुस्तीमुळे ती उन्हाळाभर बाहेर राहिली होती. त्या पावसाळ्यात ती भर नदीत पाणी प्यायला लागली. माणसं वाचली, पण नाव गेली. आत्ताची त्यानंतरची. आता तसलं लाकूडही मिळत नाही आणि तशी नाव बांधणारा सुतारही नाही.

माझा अहवाल गेल्यावर तहसील कचेरीने रिकाम्या खोल्यांची यादी केली. निवडणूक तोंडावर होती आणि मतपेट्या ठेवायला जागा हवी होती. यादीत कोरडी, भक्कम अशी अकरा नंबरची खोली निघाली. तिला नवी लोखंडी जाळी बसली, कुलूप लागलं आणि कुलपावर लाखेचं सील. हौसाबाई कचेरीत चार वेळा जाऊन आल्या होत्या. दर वेळी कारकून त्यांना तक्ता दाखवायचा. सांगलीच्या बाईंनी लिहिलंय, म्हणायचा. म्हणून त्या सांगलीच्या बाईकडे आल्या होत्या. शिवरात्रीला अठरा दिवस उरले होते.

त्या गेल्यावर मी सरांच्या केबिनमध्ये गेले. आमचे सर वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, अहवाल दिला तो दिला. आज एक खोली चुकली असं आपणच लिहून दिलं तर उद्या बाकीच्या तेहतिसांवर कोण विश्वास ठेवील? सरकारी कामांच्या यादीत कार्यालयाचं नाव यायला त्यांना दहा वर्षं लागली होती. त्यांचं म्हणणं मला पटत होतं, हीच अडचण होती. उत्तर सुचलं ते घरी गेल्यावर. तोंडाने सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी चिठ्ठी लिहून त्यांच्या टेबलावर ठेवली: तेहतीस खोल्या बरोबर आहेत, आणि म्हणूनच चौतिसावी चुकीची ठेवता येत नाही. संध्याकाळी चिठ्ठी परत आली. खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'स्वतःच्या जबाबदारीवर.' ती चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे.

नुसतं 'चुकलं' म्हणून चालणार नव्हतं. हौसाबाईंचं सांगणं कचेरीने चार वेळा ऐकलं होतं आणि चार वेळा बाजूला ठेवलं होतं. मी माझी मोजणीवही काढली. अकरा नंबरची पानं ओळीवर बोट ठेवून वाचली. जमिनीला नदीकडे नऊ इंच उतार. मधोमध लांबीभर घासलेली चर. उंबऱ्याच्या दगडातही तशीच खोलगट खूण. दोन्ही भिंतींवर कमरेइतक्या उंचीवर काळा, तेलकट पट्टा. मागच्या भिंतीत, जमिनीपासून दोन फुटांवर, एक लोखंडी कडी. हे सगळं मीच मोजून लिहिलं होतं, इंचा-इंचासकट, आणि शेजारीच लिहिलं होतं की वापर नाही.

खोली सीलबंद होती. नाव मात्र नदीत होती. रविवारी मामांना घेऊन गेले.

नाव मोजायचं मला कोणी शिकवलं नव्हतं. भिंत निदान जागेवर उभी राहते. घाटाला बांधलेली नाव वर-खाली होत होती आणि तिच्यात एकही सरळ रेष नव्हती. मामा टेपचं शून्य नावेच्या पुढच्या टोकावर, नाकाडावर, धरून वैतागले. "बाई, उभ्या जन्मात रानं मोजली, विहिरी मोजल्या, भावाभावांच्या भांडणात बांध मोजले. हालती चीज मोजायची ही पयलीच खेप."

शेवटी टोकापासून टोकापर्यंत सुतळी ताणली आणि दर फुटाला सुतळीपासून नावेच्या काठापर्यंतचं अंतर घेत गेले. मला पोहता येत नाही. आत पाय ठेवताच नाव कलली आणि मी तशीच थिजून उभी राहिले.

"आवं बसा की खाली," हौसाबाई म्हणाल्या. "उभ्या मान्साला नाव वळखत न्हाई."

मी तळात बसले. आमची सगळी मोजणी बसूनच झाली. तळाचा कणा मोजायला भाऊ स्वतः पाण्यात उतरले आणि वितीने माप सांगत गेले. मामांनी नंतर त्यांची वीत मोजून घेतली.

रात्रभर वगैरे जागले नाही, पण सोमवारी जेवायच्या सुट्टीत मी ट्रेसिंग पेपरवर नाव काढली, खोलीच्याच प्रमाणात, आणि तो कागद अकरा नंबरच्या नकाशावर ठेवला. कणा चरीवर बसला. काठाची उंची भिंतीवरच्या काळ्या पट्ट्याशी जुळली. नाकाड कडीपाशी थांबलं. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरली. आधी खोली होती आणि मग तिच्यात नाव ठेवू लागले, असं हे नव्हतं. बांधणाऱ्याने आधी त्या काळची नाव मोजली होती आणि मग खोली बांधली होती, आणि पुढच्या नावाही त्याच मापाने होत गेल्या. पागेची शाळा झाली, कोर्टाचा दवाखाना झाला, तेहतीस खोल्यांनी तीन-तीन चार-चार धंदे बदलले. ज्या कामासाठी कोट उभा राहिला ते काम अजून करणारी एकच खोली उरली होती, आणि चौतिसांत नेमकी तिलाच मी निकामी ठरवलं होतं.

नायब तहसीलदारांकडे हौसाबाई आणि मी बरोबर गेलो. साहेब तरुण होते, निवडणुकीच्या कामाने पिचलेले. मी नकाशा पसरला, वरचा कागद उचलून परत ठेवून दाखवला. त्यांनी स्वतः दोनदा तसं करून पाहिलं. मग विचारलं, "हे तेव्हा का नाही लिहिलं?"

उत्तरं बरीच होती. घड्याळ होतं, नियम होता. "विचारलं नाही म्हणून," मी म्हणाले. "दाराशी माणूस होतं. मी विचारलं नाही."

हौसाबाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

साहेबांची अडचण खरी होती. पेट्या परवा येणार होत्या, त्या काय त्यांनी अंगणात ठेवायच्या? नवीन इमारतीत अजून रंगकाम चालू होतं. यावर मी जे बोलले ते ठरवून गेले नव्हते. तीन नंबरची खोली, 'कोषागार' अशी पाटी असलेली. ती मी आतून मोजली होती. कोषागार जाऊन किती वर्षं झाली कोणास ठाऊक. आत एक मोडकी खुर्ची आणि जुन्या पंचांगांचा गठ्ठा होता. कोटातली सगळ्यात जाड भिंत आणि सगळ्यात जड दार तिथलंच. पण दारावर पाटी होती, म्हणून तक्त्यात मी 'कोषागार, वापरात' असं लिहिलं होतं, आणि म्हणून ती रिकाम्यांच्या यादीत आलीच नव्हती. म्हणजे चुका दोन होत्या. दुसरी मला त्यांच्या टेबलासमोरच समजली.

साहेब खुर्चीतून उठले आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन स्वतः तीन नंबरला निघाले. दार उघडायला दोन शिपाई लागले. आत वाकून बघून आल्यावर म्हणाले, दोन्ही खोल्यांबद्दल लेखी दुरुस्ती द्या, चूक कोणाची ते स्पष्ट लिहून, सहीनिशी. मी तिथेच बाकावर बसून लिहिलं. माझं मराठी अक्षर अजून शाळकरी आहे. चूक माझी आहे, हे वाक्य लिहायला मात्र व्याकरण फारसं लागत नाही.

त्या सहीचा परिणाम झाला. पुढची दोन वर्षं सरांनी मला सरकारी मोजणीवर पाठवलं नाही. बंगल्यांचे जिने आणि मोऱ्या काढत बसले. दरम्यान कार्यालयात संगणक आला, आणि त्यावर रेषा खोडली तरी कागदावर ओरखडा राहत नाही, याचं सगळ्यांना कौतुक. मला त्याची थोडी भीती वाटते. सरांचा राग गेला, पण उशिरा. वाईट वाटतं ते याचं नाही. भाद्रपदातल्या त्या दुपारी पायरीवर बसलेल्या बाई हौसाबाईच होत्या, आणि माझं वाक्य मनात जुळून तयार होतं. ते बोलले असते तर त्यांच्या कचेरीच्या चार खेपा वाचल्या असत्या. आता मी प्रत्येक खोलीपाशी कोणी दिसलं तर विचारते, नाही दिसलं तर शोधून विचारते. इथे काय असतं, आणि वर्षभर असतं का? वाक्य अजून आधी मनात जुळवावं लागतं. ते जुळलं की विचारायची वेळ झाली असं समजते.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी नाव वर काढली. साहेबांनी मला मुद्दाम निरोप पाठवला होता. नकाशा बरोबर आहे की नाही ते त्यांना स्वतः बघायचं होतं. सकाळी दहाला त्यांनी सील तोडून जाळीचं कुलूप काढलं. दोन्ही तीरांवरची पंचवीसेक माणसं जमली होती. नावेखाली ओंडके घालायचे, दोर ओढायचा, मागचा ओंडका काढून धावत पुढे आणून टाकायचा. कोणी हुकूम देत नव्हतं. प्रत्येकाला आपली जागा माहीत होती. पलीकडच्या गावचे एक म्हातारबा दमून पायरीवर बसले तर बायका त्यांना हसल्या. आवं आबा, नावंत बसून जायचं तर पयले तुमी आसता, म्हणाल्या.

मी नकाशा घेऊन खोलीत आतल्या बाजूला उभी होते. नाकाड दारात आलं तेव्हा ते मला फार रुंद वाटलं. चार बोटांचा हिशेब चुकला असला तर? साहेबांसमोर, पंचवीस माणसांसमोर? मी हौसाबाईंना हळूच विचारलं, बसेल ना?

"दरसाली बसती की," त्या म्हणाल्या. "तुमच्या कागदावर बसली म्हनून काय नवी झाली व्हय?"

नाव आत येत गेली आणि मला मागे सरावं लागलं. मग मागेही जागा उरली नाही, आणि मी काठावर चढून नावेतूनच सरकत कशीबशी बाहेर पडले. कणा चरीत खाली बसला तेव्हा एक जड, दबका आवाज आला आणि सगळ्यांनी एकदम दोर सोडले. हणमंतमामांनी नाव आणि भिंतीच्या फटीत हात घालून बघितला आणि माझ्याकडे बघून चार बोटं दाखवली.

साहेबांनी तिथेच माझ्याकडून तक्त्याची ओळ भरून घेतली. मी लिहिलं: सध्याचा वापर, उतारू ने-आण करणारी तरीची नाव; उन्हाळ्यात आत, पावसाळ्यात नदीत. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि खाली सही केली. मग जाळीचं नवं कुलूप आणि त्याची किल्ली हौसाबाईंपुढे धरली. आता हे तुमच्याकडेच ठेवा, म्हणाले.

हौसाबाईंनी कुलूप हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि त्यांना परत दिलं.

"हितं कुलूप लागत न्हाई, सायेब," त्या म्हणाल्या. "आत काय आसतं ते दोनी काठास्नी ठावं हाय." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता बाईंनाबी."